स्वादुपिंडात रक्तवाहिन्यांची गुंतवळ: बायोप्सी, कॉइल की ऑपरेशन?

प्रश्न: माझ्या मिस्टरांचं वय ४७. रबाळे एमआयडीसीत कामाला आहेत. दारू-तंबाखू काही नाही. गेल्या आठ महिन्यांत तीनदा डांबरासारखी काळी शौच झाली, हिमोग्लोबिन ७.२ वर उतरलं, दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. दोनदा दुर्बीण झाली. ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) बारीक व्रण आहे म्हणाले, म्हणून ॲसिडच्या आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात सीटी स्कॅन काढला. त्यात ‘स्वादुपिंडाच्या डोक्यात ३.४ सेंमीची, भरपूर रक्तपुरवठा असलेली गाठ. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर किंवा एव्हीएम’ असं आहे. एक डॉक्टर म्हणतात बायोप्सी करा, दुसरे म्हणतात मोठं ऑपरेशन, तिसरे म्हणतात कॉइल टाकली की काम झालं. हा कॅन्सर आहे का? कुणाचं ऐकायचं? यांचा लहानपणापासून घोळणा फुटतो, सासूबाईंचाही फुटायचा. आता आमच्या चौदा वर्षांच्या मुलाचाही अधूनमधून फुटतो. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर:

ताई, घोळण्याचं तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. डॉक्टरांपुढे मात्र ते सगळ्यात आधी सांगा. तिघांपैकी कुणाला हे सांगितलं होतं का, तेही आठवून बघा, कारण पुढचा निम्मा विचार त्यावर फिरतो.

आधी एव्हीएम म्हणजे काय ते पाहू. धमनीतलं रक्त जोरात येतं. एरवी ते केसाहून बारीक केशवाहिन्यांत पसरतं, तिथे त्याचा जोर मरतो आणि मग ते निवांत शिरेत उतरतं. मोरबे धरणाचं पाणी सोसायटीच्या टाकीत पडून मग नळाला यावं, तसंच. एव्हीएममध्ये ही मधली टाकीच नसते. मुख्य वाहिनी थेट नळाला जोडलेली. धमनीचा दाब सरळ पातळ भिंतीच्या शिरेवर येतो, ती फुगते, वळसे घेते आणि विंचरलेल्या केसांच्या गुंतवळीसारखा गोळा तयार होतो. स्वादुपिंडाच्या शिरा पोर्टल व्हेनला, म्हणजे आतड्यांचं रक्त यकृतात नेणाऱ्या मोठ्या शिरेला मिळतात. त्यामुळे हा जादा दाब तिथेही पोचतो.

स्वादुपिंडात हा विकार फार क्वचित होतो. पहिली नोंद १९६८ ची. आजवर जगभर नोंदले गेलेले रुग्ण शेकड्यांत मोजता येतील, त्यातले बरेच जपानमधले. पुरुषांत जास्त, आणि स्वादुपिंडाच्या इतर भागांपेक्षा डोक्यात जास्त. एव्हीएम हा कॅन्सर नाही आणि त्याचा कॅन्सर होतो असंही नाही. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) हे प्रकरण वेगळं, तो हळू वाढणारा असला तरी ट्यूमरच. म्हणून तुमच्या रिपोर्टातला ‘किंवा’ हा शब्द आधी सुटायला हवा. कॉइल (रक्तवाहिनी आतून बंद करणारी धातूची बारीक गुंडाळी) की ऑपरेशन हा वाद त्यानंतरचा.

तो सोडवायला नवीन काही करण्याआधी जुन्या सीटीची सीडी हातात घ्या. फिल्मवर पंधरा-वीस चित्रं असतात, सीडीत शेकडो, एकेक मिलिमीटरच्या कापांची. ती सीडी पोटाच्या रक्तवाहिन्यांचं काम रोज करणाऱ्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला (बारीक नळी घालून रक्तवाहिनीच्या आतून उपचार करणाऱ्या डॉक्टरला) दाखवा आणि एवढंच विचारा: धमनीच्या पहिल्या टप्प्यात पोर्टल व्हेन उजळली आहे का? कॉन्ट्रास्टचं, म्हणजे रक्तवाहिन्या उजळवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन गेल्यावर साधारण २० ते २५ सेकंदांनी महाधमनी पांढरीशुभ्र दिसते आणि पोर्टल व्हेन अजून करडी असते. तिच्यात औषध नीट भरायला ७० सेकंदांच्या आसपास लागतात. पहिल्याच टप्प्यात दोन्ही पांढऱ्या दिसल्या, तर मधली टाकी नाही हे तिथेच कळलं. ट्यूमरही धमनीच्या टप्प्यात झगमगतो, पण तो एकसंध गोळा दिसतो आणि पोर्टल व्हेनला वेळेआधी भरत नाही. एव्हीएममध्ये गोळ्याऐवजी वळवळत्या नळ्या दिसतात, आणि त्यांना जाऊन मिळणाऱ्या एक-दोन धमन्या नेहमीपेक्षा जाड झालेल्या असतात.

घोळ बहुतेक इथे होतो की पोटाचा साधा सीटी एकाच टप्प्यात, सत्तराव्या सेकंदाला काढलेला असतो. त्या वेळी सगळंच उजळलेलं असतं, त्यामुळे रेडिओलॉजिस्टला ‘किंवा’ लिहिण्यावाचून गत्यंतर नसतं. तुमचा तसा असेल तर तो पुन्हा काढावा लागेल. चिठ्ठीवर ‘स्वादुपिंडासाठी तीन टप्प्यांचा सीटी अँजिओ’ असं स्पष्ट लिहून घ्या. स्कॅनच्या आधी प्यायला पांढरं औषध देऊ लागले तर साधं पाणी चालेल का विचारा. ते औषध ड्युओडेनममध्ये पांढरं चमकतं आणि शेजारच्या बारीक वाहिन्या त्यात हरवतात. सुई कोपराजवळच्या जाड शिरेत हवी, कारण औषध सेकंदाला चार-पाच मिलिलिटर वेगाने सोडायचं असतं. मनगटावरच्या बारीक सुईतून ते होत नाही. मूत्रपिंडाचं काम सांगणारी क्रिएटिनिनची ताजी तपासणी सोबत ठेवा.

रंगीत डॉप्लर सोनोग्राफी स्वस्त आहे आणि तीही बरंच सांगून जाते. डॉप्लरवर ही गुंतवळ लाल-निळ्या रंगांच्या गोधडीसारखी दिसते आणि पोर्टल व्हेनमध्ये धमनीसारखे ठोके ऐकू येतात. सोनोग्राफी करणाऱ्याला फक्त ‘पोट बघा’ म्हणू नका, ‘एव्हीएमची शंका आहे, पोर्टल व्हेनचा डॉप्लर करा’ म्हणा.

आता बायोप्सी. ज्यांनी सुचवली त्यांचं अगदीच चुकलं असं नाही. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरची शंका असेल तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमधून (दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीतून) सुईने नमुना घेणं हीच रीत आहे. पण एव्हीएमचा ‘किंवा’ सुटलेला नसताना सुई घालणं म्हणजे धमनीच्या दाबाने भरलेल्या पातळ शिरेला भोक पाडणं. बाहेरून दाबून रक्त थांबवता येईल अशी ती जागाही नाही. हाती येणारं उत्तरही बहुतेक वेळा ‘नुसतं रक्त, पेशी नाहीत’ असंच असतं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: तीन टप्प्यांचा सीटी आणि डॉप्लर जाणकाराने पाहेपर्यंत सुई नको. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करायलाच हवा असं ठरलं तर त्यातही आधी डॉप्लर लावून बघायचा, आणि आत वाहतं रक्त दिसलं तर सुई बाहेरच ठेवायची.

रक्तातल्या क्रोमोग्रॅनिन-ए या तपासणीबद्दलही सावध करतो. ट्यूमर असेल तर ती वाढते, म्हणून कुणीतरी ती लिहून देईलच. पण पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिडच्या गोळ्या चालू असल्या की ट्यूमर नसतानाही ती चांगलीच वाढते. तुमच्याकडे या गोळ्या आठ महिने चालू आहेत. आकडा वाढलेला आला म्हणून घाबरू नका. मात्र तपासणीसाठी गोळी परस्पर बंदही करू नका. व्रणातून रक्त जात असेल तर गोळी हवीच. गोळी चालू असल्याचं लॅबच्या फॉर्मवर आणि डॉक्टरांना सांगायचं, बस. शंका राहिलीच तर याच ट्यूमरच्या पेशी शोधणारा डोटाटेट पेट स्कॅन अधिक भरवशाचा.

व्रणाचंही एक कोडं आहे. गोळ्या नियमित असूनही बारीक व्रण आठ महिने भरत नसेल आणि त्यातून वारंवार रक्त जात असेल, तर तो व्रण रोगाचं मूळ नसून परिणाम असू शकतो. स्वादुपिंडाचं डोकं ड्युओडेनमच्या कुशीत बसलेलं असतं. गुंतवळ आतून ड्युओडेनमच्या अस्तराचं रक्त पळवते, अस्तर सोलवटतं, मग रक्त जातं. दुसरी वाट स्वादुपिंडाच्या नळीतून. रक्त नळीत उतरतं आणि ती ड्युओडेनममध्ये उघडते त्या बोंडावाटे बाहेर येतं. साधी दुर्बीण समोर बघते, हे बोंड बाजूच्या भिंतीवर असतं, त्यामुळे ते सहज निसटतं. आधी वरच्या पोटात कळ आणि मग काळी शौच, असा क्रम कधी झाला असेल तर सांगा आणि पुढची दुर्बीण बाजूला बघणारी, शक्यतो रक्त जात असतानाच करायला सांगा.

काळ्या शौचाचा हिशेबही नीट ठेवा, कारण लोहाच्या गोळीनेही रंग काळा होतो. लोहाची शौच हिरवट-काळी, बांधलेली, पाणी टाकलं की सुटून जाणारी. रक्ताची शौच चकचकीत, चिकट, भांड्याला धरून बसणारी, आणि वास दाराबाहेर येणारा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. डॉक्टरांना ‘अधूनमधून’ या शब्दापेक्षा त्या खुणा उपयोगी पडतात.

आता घोळणा. जन्मजात रक्तवाहिन्यांचा एक आनुवंशिक विकार आहे, एचएचटी (हेरेडिटरी हेमोऱ्हेजिक टेलँजिएक्टेशिया) म्हणतात त्याला. स्वादुपिंडातल्या एव्हीएमची पहिली नोंद झाली ती याच विकाराच्या रुग्णात. निदानाच्या चार खुणा: वारंवार, आपोआप फुटणारा घोळणा, ओठ, जीभ, बोटांच्या टोकांवर लाल ठिपके, आतल्या एखाद्या अवयवात एव्हीएम, आणि आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला हाच विकार. चारांपैकी तीन जुळल्या तर निदान पक्कं, दोन जुळल्या तर शक्यता धरायची. तुमच्या मिस्टरांमध्ये एव्हीएम ठरला तर दोन झाल्याच. सासूबाईंच्या नुसत्या घोळण्यावर चौथी खूण लागत नाही, पण इशारा आहेच. दिवसाच्या उजेडात मिस्टरांची जीभ आणि ओठांची आतली बाजू बघा. टाचणीच्या डोक्याएवढे तांबडे ठिपके दिसले तर ओठावरच्या ठिपक्यावर काचेच्या पेल्याचा काठ हलकेच दाबा. फिका पडला आणि काच काढल्यावर पुन्हा भरला, तर तो ठिपका डॉक्टरांना दाखवा.

हे ऑपरेशनच्या आधी कळायला हवं, कारण एचएचटीत फुप्फुसातही असेच जोड असू शकतात. मग सलाइनमधून गेलेला हवेचा एखादा बुडबुडा फुप्फुसात न अडकता थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी बबल इको करतात. सलाइन हलवून त्यात बारीक बुडबुडे करतात, हाताच्या शिरेतून सोडतात आणि हृदयाच्या डाव्या कप्प्यात तीन-चार ठोक्यांनंतर ते दिसतात का बघतात. दिसले तर छातीचा सीटी, प्रत्येक सलाइनला फिल्टर, आणि पुढे दात साफ करतानासुद्धा आधी अँटिबायोटिक. यकृतातही असे जोड असतील तर तिथेही बायोप्सीची सुई नको.

कॉइलवाल्या आणि ऑपरेशनवाल्या डॉक्टरांचं भांडण खरं तर वेळेचं आहे. काही त्रास नसेल आणि पोर्टल व्हेनचा दाब वाढलेला नसेल, तर नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. तुमच्याकडे रक्तस्राव तीनदा झालाय, त्यामुळे ती पायरी ओलांडली. आता दाब वाढलाय का ते बघायचं. प्लीहा १३ सेंमीच्या वर गेली आहे का, प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली आल्या आहेत का, दुर्बिणीत अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा दिसल्या का, पोटात पाणी आहे का. हे चारही आकडे-शेरे जुन्या कागदांत सापडतील, आज रात्रीच काढून एका पानावर लिहा. दाब वाढलेला नसेल तर मुळापासून काढण्याची हीच वेळ. वर्षानुवर्षं दाब राहिला की यकृताकडच्या शिरांची भिंतच जाडावते, मग गुंतवळ काढली तरी दाब उतरेलच असं नाही, आणि फुगलेल्या शिरांमधून ऑपरेशन करणं सर्जनलाही जड जातं.

‘कॉइल टाकली की काम झालं’ हे वाक्य आम्हाला पटत नाही. स्वादुपिंडाच्या डोक्याला वरून गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीकडून आणि खालून सुपीरियर मेसेंटेरिक धमनीच्या फांद्यांकडून, असा दोन बाजूंनी पुरवठा असतो. एक फांदी बंद केली की दुसऱ्या फुगतात. त्यातही कॉइल दूरवर, धमनीच्या मुखाशी टाकली तर गुंतवळ तशीच राहते आणि पुढच्या वेळी आत शिरायची वाटच बुजलेली असते. म्हणून गुंतवळीच्या आत जाऊन ग्लू किंवा ओनिक्ससारखं द्रव औषध भरणं जास्त बरं. पण वाहता जोर मोठा असेल तर ते पलीकडे पोर्टल व्हेनमध्ये निसटू शकतं, आणि जास्त भरलं तर ड्युओडेनमचा रक्तपुरवठा तुटतो किंवा स्वादुपिंडाला सूज येते. त्यामुळे या उपचारानंतर दोन दिवस पोटदुखी, ताप आणि लायपेजवर (स्वादुपिंडाची सूज सांगणारी रक्ततपासणी) लक्ष ठेवतात. (ओनिक्सनंतर दिवसभर श्वासाला लसणीसारखा वास येतो. तो त्यातल्या द्रावकाचा, घाबरू नका.)

मग हा उपचार कधी करावा? रक्त आत्ता जात असेल आणि थांबवायचं असेल तेव्हा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, टेबलावर रक्त कमी जावं म्हणून. गुंतवळ लहान आणि एकाच फांदीवर असेल तेव्हा. आणि रुग्ण ऑपरेशन झेपण्यासारखा नसेल तेव्हा. यातलं तुमचं कुठलं, ते कॅथेटर घालून केलेल्या अँजिओग्राफीत ठरेल. ती सिलिअॅक आणि सुपीरियर मेसेंटेरिक या दोन्ही धमन्यांची व्हायला हवी, एकीची करून थांबले तर अर्धंच चित्र मिळतं.

डोक्यातली गुंतवळ पूर्ण काढायची तर बहुधा व्हिपल ऑपरेशन. स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्ताशय आणि पित्तनळीचा खालचा भाग जातो आणि तीन ठिकाणी नवे जोड घालतात. काही ठिकाणी ड्युओडेनम राखूनही डोकं काढतात, तो पर्याय विचारायला हरकत नाही. (शेपटीकडे असती तर ऑपरेशन लहान, पण प्लीहाही जाते. मग न्यूमोकॉकल, मेनिंगोकॉकल आणि हिब या लसी दोन आठवडे आधी घ्याव्या लागतात.) सर्जनला विचारा, ‘तुमच्या युनिटमध्ये वर्षाला किती व्हिपल होतात?’ वीसच्या पुढचा आकडा ऐकला तर बरं वाटू द्या. दुसरा प्रश्न: रात्री दोन वाजता रक्त सुरू झालं तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट त्याच इमारतीत मिळेल का? ऑपरेशननंतरची मोठी भीती स्वादुपिंडाचा जोड गळण्याची. तिसऱ्या दिवशी ड्रेनच्या (पोटात ठेवलेल्या नळीच्या) पाण्यातलं अमायलेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम तपासून तिचा अंदाज घेतात. घरी आल्यावर शौच तेलकट, तरंगणारी झाली तर पाचक एन्झाइम कमी पडताहेत. मोठ्या जेवणाला साधारण २५,००० ते ४०,००० युनिटची कॅप्सूल लागते, आणि ती जेवून हात धुतल्यावर नाही, पहिल्या घासापासून जेवणाच्या मध्यापर्यंत विभागून घ्यायची. साखर दर तीन महिन्यांनी.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचार चालूच असणार. मिस्टरांच्या पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर वाशीच्या किंवा ठाण्यात वागळे इस्टेटच्या रुग्णालयातून पुढच्या उपचारांची रेफरल चिठ्ठी आधी घ्या. नंतर मागितली तर बिल मंजूर करून घेताना दमछाक होते. नाहीतर रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे ‘अँजिओ, एम्बोलायझेशन (कॉइल-ग्लूने रक्तवाहिनी बंद करणं) आणि व्हिपल, तिन्ही यात बसतात का’ हे भरती होण्याआधी विचारा. सरकारी-महापालिकेत सर्जन आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी दोन्ही एका छताखाली हवं तर परळचं केईएम. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यायचं, तिथून परळची स्लो धरायची. ओपीडीला सकाळी लवकर पोचा, सीडी आणि ते एक पान वर ठेवा.

तोवर घरात: डोकं दुखलं, अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन बंद. कामावरच्या फर्स्ट-एड पेटीतली गोळीही नाव बघितल्याशिवाय नको. लोहाच्या गोळीने हिमोग्लोबिन चढत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, विचारा. रक्त चढवताना मात्र ‘एकदाचं बारावर न्या’ असा आग्रह नको. पोर्टल व्हेनचा दाब वाढलेला असेल तर जादा रक्ताने तो आणखी वाढतो आणि फुगलेली शीर पुन्हा फुटते. सात-आठच्या वर ठेवतात ते काटकसर म्हणून नाही. रक्ताची उलटी झाली, उभं राहिल्यावर अंधारी आली किंवा बसल्या जागी नाडी शंभरच्या वर गेली तर १०८. अशा वेळी मुलुंडचा पूल ओलांडून थेट मोठ्या रुग्णालयात जायचा हट्ट नको. जवळ जिथे रक्तपेढी आणि रात्रीची दुर्बीण आहे तिथे आधी स्थिर करा, मग हलवा. असं रुग्णालय कुठलं, ते आजच दोन फोन करून ठरवून ठेवा.

मुलाचं. या वयात घोळणा पुष्कळ मुलांचा फुटतो, नखाने खपली काढल्यामुळे किंवा कोरड्या हवेमुळे, त्यामुळे लगेच त्याला रुग्ण ठरवू नका. मात्र वडिलांचं निदान एचएचटी ठरलं तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आधी वडिलांची जनुकीय तपासणी करायची. ईएनजी, एसीव्हीआरएल १ आणि एसएमएडी ४ ही तीन जनुकं बघतात. त्यांच्यात दोष सापडला की तेवढाच मुलात शोधायचा, खर्चही कमी लागतो. तोवर घोळणा फुटला की त्याला आडवं झोपवू नका, कांदा हुंगायला देऊ नका. बसवा, मान पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळ लावून पंधरा मिनिटं दाबा, मध्ये ‘थांबलं का’ म्हणून सोडून बघू नका. आणि रात्री झोपताना दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे थेंब.